संभाजीनगरात रामेन आन् फ्राईड चिकन : पैसा वसूल का नुसती शायनिंग?

गुलमंडीकर
मंडळी, सरळ विचारतो. आपल्या शहरात एका वाडग्याला साडेचारशे रुपये मोजावेत असं त्या रामेनमध्ये, म्हणजे जपानी रश्शातल्या शेवयांत, असतं तरी काय?

येत्या शनिवारी ऑफिसातलं टोळकं बाहेर निघालंय. आधी कॅनॉटला चहा, मग सिडकोतल्याच एका छोट्या हॉटेलात रामेन आणि फ्राईड चिकन, मग जमलं तर उगाच जालना रोडला एक चक्कर. प्लॅन पोरींनी ठरवलाय त्यामुळं बदलणार नाही. चिकनबद्दल माझं काही म्हणणं नाही, चिकन तळलं की विषय संपला. शंका आहे ती रामेनची. मागं एका ठिकाणी खाल्लं होतं (नाव घेत नाही, बंद पण पडलं ते) तर कोमट खारट पाणी, त्यात पाकिटातल्या नूडल्स, वर अर्धं अंडं आणि भुरभुरून कोथिंबीर!

टोळक्याची कुंडली अशी की एक जण पोर्क खात नाही, एक पक्की शाकाहारी (अंडं पण नाही), आणि एक जण शनिवार पाळतो, तो म्हणतो मी रात्री बारानंतर खाईन. हॉटेलचं किचन अकराला बंद होतं हे त्याला कोणी सांगायचं.

काय मागवावं, काय टाळावं ते लिहा. आणि त्या पैशात बुढीलेनला नान खलिया हाणलेला बरा असं वाटत असेल तर ते पण बिनधास्त लिहा.

लातूरचा_पोरगा
पयला!! आमच्या लातुरात कशाचं रामेन अन् कशाचं काय, गाड्यावर सूप म्हणलं की मंचाव, विषय कट. वाचलालो, चालू द्या.

बीडचा_बाप्पा
महागातली मॅगी आहे ती. घरी दोन पाकिटं उकडा, अंडं फोडा, उरलेल्या चारशेचं चिकन आणा. धागा बंद करा.

खलियाप्रेमी
बाप्पा, घाई नको मियाँ. पण गुलमंडीकर, तू स्वतःच नाव काढलंस म्हणून लिहितो. नान खलिया ही आपल्या शहराची चीज आहे, तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा फौजेसोबत आली असं घरोघरी सांगतात. मोठ्या देगमध्ये रात्रभर शिजणारं सालन आणि भट्टीतली नान. चार जणांचं पोट भरतं तेवढ्यात तुझा एक वाडगा येईल.

तरी पण जा म्हणीन. पोरं रोज खलिया खाऊन कंटाळतात हे मी माझ्याच घरात बघतो. फक्त तुझ्या पोर्क न खाणाऱ्या दोस्ताला सांग, नुसतं पोर्क नाही ना एवढं विचारून भागत नाही. जपानी रश्शात आणि मुरवणात साके नाहीतर मिरिन घालतात, दोन्हीत दारू असते. चिकन हलाल आहे का आणि मिरिन आहे का, हे दोन प्रश्न ऑर्डरच्या आधी. चांगल्या ठिकाणी नीट सांगतात, तोंड वाकडं केलं तर उठायचं.

हाकाता_ते_हडको
जपानच्या फुकुओकात कंपनीच्या कामानं बरेच दिवस होतो, त्यामुळं हा माझा दुखरा कोपरा आहे. लांबण लागेल, आधीच सांगतो.

बाप्पांची मॅगी उलटी आहे. रामेन आधीची, पाकीट नंतरचं. गव्हाच्या शेवया चिनी लोकांनी जपानात नेल्या, टोकियोच्या असाकुसा भागात १९१० मध्ये रायरायकेन नावाचं दुकान निघालं ते रामेनच्या पहिल्या गाजलेल्या दुकानांपैकी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा गहू आला तसं ते गल्लोगल्ली पसरलं. मोमोफुकु आंदो नावाच्या माणसानं शिजवलेल्या शेवया तेलात तळून वाळवल्या आणि १९५८ मध्ये पाकिटात विकल्या, चिकन रामेन नावानं. आपल्याकडं मॅगी आली १९८३ मध्ये. म्हणजे बाप्पा ज्याला अस्सल म्हणतायत तो नातू आहे.

आता साडेचारशेचा हिशोब. वाडग्यात सगळ्यात खाली तारे, म्हणजे सोया नाहीतर मीठ नाहीतर मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घट्ट अर्क, खारटपणा सगळा त्यातला. त्यावर रस्सा, ज्यात मीठ जवळपास नसतंच. मग शेवया, वर सुगंधी तेल, मग अंडं-मांस-कांदापात. गुलमंडीकरांनी जे खाल्लं त्यात रस्साच नव्हता, तारेत गरम पाणी ओतून दिलं होतं. बहुतेक ठिकाणी गोम इथंच असते, कारण रस्सा हीच एकमेव गोष्ट आहे जिला वेळ लागतो.

फुकुओकाकडचा रस्सा डुकराच्या हाडांचा, तोन्कोत्सु. शेजारच्या कुरुमे गावात १९३७ साली सुरू झाला. मंद आचेवर नाही, खदाखदा उकळायचा, कित्येक तास, म्हणजे हाडातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि चरबी त्यात घुसळली जाऊन रस्सा दुधासारखा पांढरा होतो. हेच कोंबडीच्या हाडांचं आणि पायांचं केलं की तोरी पाइतान. आपल्या गावात तेच मागा. पोर्कचा प्रश्न निकालात, आणि कोंबडीचे पाय आपल्याकडं मातीमोल भावात मिळतात त्यामुळं हॉटेलवाल्याला कंजुषी करायला कारण उरत नाही. ओळखायचं कसं? दोन चमचे प्या आणि ओठ एकमेकांवर दाबा. चिकटले तर रस्सा खरा.

आणि गप्पा मारत बसू नका. फोटो काढा, खा. गरम रश्शात शेवया लगेच मऊ पडतात. तिकडं लोक दहा मिनिटांत उठून जातात, सुर्र सुर्र आवाज करत, त्यात काही वावगं नाही. हाकातामध्ये (फुकुओकाचाच भाग) वाडगा अर्धा झाला की काएदामा म्हणून ओरडायचं, थोड्या पैशात नुसत्या शेवया परत आणून उरलेल्या रश्शात टाकतात. आपल्याकडं एक्स्ट्रा नूडल्सचे एकशेवीस लावतात, तेव्हा मात्र माझं मन मोडतं.

बीडचा_बाप्पा
म्हणजे पायाच की. एवढं मोठं लिहायचं कामून? "शेवया घातलेला पाया" म्हणला असता तर लगेच समजलं असतं.

हाकाता_ते_हडको
@बाप्पा, हाव, जवळपास तेच. फक्त पायाच्या रश्शात लोक भाकरी चुरतात तेव्हा कोणी फोटो काढत नाही. ;)

सुगरण_परभणी
रश्शाचं झालं, शेवयांवर कोणीच बोलंना म्हणून लिहायलेय.

रामेनच्या शेवया पिवळसर आणि चिवट असतात त्या अंड्यामुळं असं बऱ्याच जणांना वाटतं. पिठात कान्सुइ घालतात, म्हणजे क्षाराचं पाणी, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. क्षारानं पिठातलाच रंग पिवळा उमटतो, ग्लुटेन घट्ट होतं आणि उकळत्या रश्शात शेवई लगेच लिबलिबीत होत नाही. आपल्या पापडखाराचं काम याच जातीचं आहे. घरी करायचं तर खायचा सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजून घ्यायचा, त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. तो नुसत्या हातानं चोळत बसू नका, कातडी चरचरते. किलोभर मैद्याला दोनेक छोटे चमचे पुरतात, जास्त झाला तर साबणाची चव येते.

आमच्याकडं उन्हाळ्यात वळवट असायचं. शेवया, बोटवे, मालत्या, गव्हले, कुरडया, सगळ्या आळीतल्या बाया एकीच्या अंगणात. आईच्या हातशेवया एवढ्या बारीक की बाजेवर वाळत घातल्या की वाऱ्यानं हलायच्या. त्या पिठाला खार नाही, नुसतं मीठ आणि भरपूर मुरवण, आणि मग ओढत ओढत पदर वाढवत जायचं. चीनमध्ये हातानं ओढलेल्या नूडल्सचे व्हिडिओ बघून आमची सून थक्क झाली, मी म्हणलं तुझ्या आजेसासूला पाहिलं असतंस तर.

हातशेवया रश्शात घालून पाहिल्या. चव बरी पण तळाशी जाऊन लगदा. तुपासाखरेतच छान त्या.

मधुमालती
सुगरणताई __/\__ वळवटावर वेगळा धागा काढा हो प्लीज. आमच्या सेलूला कुरडयांचा चीक गरम गरम गूळ घालून खायचो त्याची आठवण झाली.

एकभुक्त
शाकाहारी मैत्रिणीसाठी. मेन्यूत "व्हेज रामेन" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. वर पनीर-मशरूम टाकून व्हेज म्हणतात आणि खाली रस्सा तोच कोंबडीचा, हे माझ्या पुढ्यात घडलेलं आहे. दाशी म्हणजे जो साधा जपानी अर्क असतो त्यात बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेला मासा असतो. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम, यांचा रस्सा मात्र पूर्ण शाकाहारी आणि चवीला झकास होतो, त्यात मिसो घातला की मांसाची उणीव जाणवत नाही. "रस्सा कशाचा" हे विचारा, "व्हेज आहे का" हे नको.

आणि तळणीचं पण विचारा. चिकनच्याच कढईत भज्या तळून देतात.

बीडचा_बाप्पा
शाकाहारी माणसानं फ्राईड चिकनच्या हॉटेलात जायचंच कामून?

एकभुक्त
मित्रांसोबत बसायला. तुमच्याकडं हुरडा पार्टीला फक्त हुरडा खाणारेच येतात का?

संपादक मंडळ
व्हेज-नॉनव्हेज इथंच थांबवावं. याआधीच्या अंडाकरी धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

कोरियनवेडी
काका लोकांनो, तुम्ही सगळे जपानमध्येच अडकलात!! आमच्या हॉस्टेलच्या पोरींना विचारा, शहरात जे चाललंय ते कोरियन आहे. तिकडची रामेन म्हणजे राम्यन, आणि ती बहुतेक पाकिटातलीच असते, दुकानात पण पाकीटच उकळून वर चीज आणि अंडं टाकून देतात आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. साम्यांग कंपनीनं १९६३ मध्ये पहिलं पाकीट काढलं, शिन राम्यन १९८६ चं. त्यामुळं मेन्यूत कुठलं लिहिलंय ते बघा, कोरियन लिहिलेलं असेल तर हाडांचा रस्सा शोधत बसू नका आणि त्याला साडेचारशे पण देऊ नका.

आणि फ्राईड चिकन तर कोरियनच. दोनदा तळतात. पातळ कुरकुरीत पापुद्रा, वर गोचुजांगचा (आंबवलेल्या मिरचीची कोरियन पेस्ट) गोड-तिखट सॉस (यांग्न्योम), सोबत पांढऱ्या मुळ्याचं आंबटगोड लोणचं. त्या मुळ्यामुळंच आख्खी बकेट जाते. गोष्ट खरी आहे हे करून बघा, मुळा नसेल तर पाचव्या पीसला तोंड फिरतं.

तिखटाबद्दल, ती काळ्या पाकिटातली बुल्दाक राम्यन आहे ना, २०१२ मध्ये आली, तिचे काही प्रकार डेन्मार्कनं २०२४ मध्ये बाजारातून परत मागवले होते, फार तिखट म्हणून.

बीडचा_बाप्पा
डेन्मार्कला आमच्या पाटोद्याचा ठेचा कुरिअर करा कोणीतरी. देशच बंद ठेवतील आठवडाभर.

लातूरचा_पोरगा
हहपुवा =))

वाळूजवाला
कोरियनवेडी म्हणतेय ते खरंय. शेंद्र्याला ऑरिक औद्योगिक शहरात ह्योसंग या कोरियन कंपनीचा प्लांट आला, त्यांची तिकडची माणसं इथं राहायला लागली, त्यामुळं किमची वगैरे शब्द आमच्या सोसायटीच्या वॉचमनला पण पाठ झालेत.

पण जपानी माणूस या शहराला नवा नाही. अजिंठ्याला जपानी पर्यटक कित्येक वर्षांपासून येतात, लेण्यांच्या जतनाला आणि रस्त्यांना जपानचं कर्ज मिळालेलं आहे. माझे मामा गाडी चालवायचे त्या रूटवर. ते सांगतात, म्हातारे जपानी आपल्या हॉटेलातलं तिखट बघून हात जोडायचे आणि बॅगेतून कप नूडल्स काढायचे, म्हणायचे फक्त उकळतं पाणी द्या. फर्दापूरच्या एका चहावाल्यानं नुसत्या गरम पाण्याचे पैसे लावायला सुरुवात केली होती म्हणे.

हॉटेलवाला_जालना
धंद्यातला माणूस म्हणून थोडं लिहितो, माझं हॉटेल तुमच्या शहरात नाही त्यामुळं जाहिरात समजू नका.

साडेचारशेत हाडांचे पैसे फार नसतात. गॅस असतो. सहा-आठ तास मोठा बर्नर पेटवून ठेवायचा आणि दिवसाला वाडगे किती जातील याचा भरवसा नाही. मुंबई-पुण्याला रोज भांडं रिकामं होतं, आपल्याकडं मंगळवार-गुरुवारी पोरं चिकन खात नाहीत, शनिवारी निम्मी खात नाहीत, उरले किती वार मोजा. मग हॉटेलवाला रस्सा डीप फ्रीजमध्ये ठेवतो नाहीतर पावडर आणतो. डीपमधला वाईट नसतो बरं का, नीट थंड करून ठेवला तर चव जात नाही. पावडरीची जाते. नोरी (समुद्री शेवाळाचे पापुद्रे), मिसो, चांगला सोया, हे सगळं बाहेरून येतं, त्याचे पैसे लागतातच. म्हणून माझा सल्ला की शनिवार सोडा, रविवारी जा. आपल्याकडं खरी गर्दी रविवारी, माल ताजा.

चिकनचं असं की दोनदा तळण्यात जादू काही नाही. पहिल्यांदा १६० डिग्रीच्या आसपास, आतून शिजेपर्यंत. मग जाळीवर पाच-दहा मिनिटं विसावा, तेवढ्यात आतलं पाणी बाहेरच्या थराकडं येतं. दुसऱ्यांदा १८०-१९० ला दोनेक मिनिटं, ते पाणी उडतं आणि पापुद्रा कडक होतो. बटाट्याचं नाहीतर मक्याचं स्टार्च वापरलं की नुसत्या मैद्यापेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतं. जपानी काराआगेमध्ये बटाट्याचं स्टार्च असतं, आधी सोया-आलं-लसणात मुरवून. घाईच्या वेळी पोरं विसावा गाळतात आणि तिथंच चिकन फसतं, वरून काळं आणि हाडाजवळ लाल.

तेलाचा वास घ्या. तळून तळून तेलात जे पोलर कंपाऊंड (तेल खराब झाल्याची खूण) तयार होतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल फेकायचं असा एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्न सुरक्षा खातं) नियम आहे २०१८ पासून. तुम्हाला टेबलावर मोजता येणार नाही, पण चिकन खाल्ल्यावर घशाला खवखव आणि बोटांना चिकट तवंग राहिला तर समजून जा.

खलियाप्रेमी
वा हॉटेलवाले, धाग्याची किंमत वसूल.

मधुमालती
अवांतर : जपानमध्ये नाताळला लोक रांगा लावून केएफसीचं चिकन खातात, १९७४ च्या जाहिरातीपासून. आपल्याकडं गटारीला असं कोणी चालवलं तर?

बीडचा_बाप्पा
गटारीला जाहिरात लागत नाही ताई.

नांदेडी_भाऊ
मी हैद्राबादला असतो, इथं सगळं मिळतं. तरी माझं मत असं की रामेन आणि फ्राईड चिकन एकत्र मागवणंच चूक. रश्श्याची चव नाजूक, तळलेलं खाल्लं की जीभ झोपते. आधी रामेन संपवा मग चिकन. आणि चिकन रश्शात बुडवणाऱ्या लोकांसोबत मी बसत नाही.

कोरियनवेडी
बुडवण्यातच मजा आहे भाऊ. नका बसू.

हाकाता_ते_हडको
नांदेडी भाऊ, जपानमध्ये रामेनसोबत काराआगेची बशी सर्रास घेतात, सेटच असतो. पण क्रम तुमचाच बरोबर, रामेन थांबत नाही, चिकन थांबतं.

गुलमंडीकर
मंडळी, जाऊन आलो. हॉटेलवाल्यांचं ऐकून रविवार केला, शनिवारवाल्यानं त्यांना साष्टांग दंडवत घातलाय.

तोरी पाइतान मेन्यूत त्या नावानं नव्हतं, "क्रीमी चिकन" असं लिहिलं होतं. ओठ चिकटले. शेजारच्या टेबलावरच्या काकू आम्ही सगळे ओठ दाबून बसलेलो बघून विचारत होत्या काय झालं म्हणून. शेवया बऱ्या होत्या, चिवट, पिवळसर, पण विचारल्यावर वेटर म्हणाला फ्रोजन येतात पुण्याहून. अंडं एक नंबर, आतला बलक जेलीसारखा, सोयात मुरवलेला. मला रस्सा आवडला पण साडेचारशेचा आवडला का ते अजून ठरत नाही. तीनशेला मिळाला तर महिन्यातून एकदा जाईन. पोर्कवाल्या दोस्तानं मिरिनचं विचारलं, आतून आचारी स्वतः आला, म्हणाला मिरिन नाही साखर आणि व्हिनेगर वापरतो. अस्सलपणा गेला असेल पण दोस्त जेवला.

शाकाहारी मैत्रिणीनं एकभुक्तांचा प्रश्न शब्दशः विचारला आणि रस्सा चिकनचाच निघाला. तिनं व्हेज डम्पलिंग आणि भात खाल्ला, पण घरी जाताना गाडीवरची पावभाजी घेतली म्हणजे पोट भरलं नव्हतं. हे मला खटकलं. मेन्यूवर हिरवा ठिपका होता त्या पदार्थाला.

चिकन दोन प्रकारचं मागवलं. काराआगे अफलातून, लिंबू पिळून, प्लेट कधी संपली कळलं नाही, परत मागवली. सॉसवालं कोरियन मात्र मऊ पडलेलं. मुळा दिला नाही, त्याऐवजी कांदा. कोरियनवेडीचं म्हणणं पटलं, पाचव्या पीसला खरंच तोंड फिरलं.

एकभुक्त
हिरव्या ठिपक्याचं हॉटेलला लिहून कळवा. भांडण नको पण कळवा.

गुलमंडीकर
तिनंच मॅनेजरला सांगितलं, शांतपणे, आमच्यापेक्षा नीट. मेन्यू बदलतो म्हणाला.

सुगरण_परभणी
पुण्याहून फ्रोजन कशाला, परभणीहून ताज्या पाठवते म्हणावं. बचत गटाचं मशीन आहे आमच्याकडं शेवयांचं. मी थट्टा नाही करायले, नंबर मिळाला तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

हॉटेलवाला_जालना
ताई, आधी जालन्याला पाठवा. व्यनि केलाय.

बीडचा_बाप्पा
बघा, मॅगीवरून सुरू झालं आणि बायांना धंदा मिळाला. माझे आभार कोणी मानणार का?

लातूरचा_पोरगा
एक शंका. पुढल्या रविवारी दाजी तिकडून येलालेत एसटीनं. रामेनचं पार्सल लातूरपर्यंत टिकंल का?

हाकाता_ते_हडको
रस्सा वेगळा, शेवया न शिजवता वेगळ्या, अंडं वेगळं असं बांधून मागा. रस्सा थंड करून बाटलीत. घरी उकळून घ्या. पाच-सहा तासांच्या प्रवासाला बर्फाची पिशवी सोबत हवीच, उन्हाळ्यात नको.

लातूरचा_पोरगा
अन् चिकन?

नांदेडी_भाऊ
चिकन दाजी वाटेतल्या मांजरसुंब्याच्या पुढं येऊ देणार नाहीत.